राखीव सीट

“काका, ते तुम्हीच लिहिलं होतं,” पूजा म्हणाली, आणि वाल्मीक बोरस्तेच्या हातातला पाव तर्रीत बुडायचा तो वरच राहिला.

टेबलाभोवती चौघं होती. रविवारची राइड संपवून, हेल्मेटं खुर्च्यांच्या पाठींना अडकवून ती गंगापूर रोडच्या नेहमीच्या मिसळवाल्याकडे बसली होती, आणि विषय चालला होता आठ मार्चचा. हर्षलने सहा वर्षांपूर्वी फोनवर सायकलवाल्यांचा ग्रुप काढला, तो आता तेवीसशे माणसांचा झाला होता. त्यात बायका होत्या बेचाळीस, आणि त्या बेचाळिसांतल्या दोघीतिघीच काही लिहायच्या. बाकीच्या नुसत्या बघत असाव्यात, किंवा बघतही नसाव्यात. महिला दिनाच्या आत हे बदलायचं, बायकांना मोकळेपणानं बोलता येईल असा ग्रुपमध्ये वेगळा विभाग काढायचा, असं हर्षलने मनावर घेतलं होतं. बायका इथे का बोलत नाहीत हे सांगणारा स्वागताचा संदेश त्या विभागाच्या दारावर हवा होता, आणि तो वाल्मीकने लिहावा हे आपोआपच ठरलं होतं. वाल्मीक ग्रुपच्या तीन ॲडमिनांपैकी एक, वयाने सगळ्यांत मोठा, बावन्न वर्षांचा, आणि पंचवीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासणारा. शुद्ध आणि गोड लिहिणारा माणूस. त्या मोठेपणाच्या ओघातच तो बोलून गेला होता. “स्वागत-बिगत नंतर. आधी बायकांना ते ‘राखीव सीट’ म्हणणं बंद झालं पाहिजे. कुणी सुरू केलं हे देव जाणे, पण आफियामॅडम त्यापायीच ग्रुप सोडून गेल्या. भारतचंच काम असणार ते.” आणि भारतने, ज्याची तोंडाळ म्हणून ख्याती होती, मिसळीवर लिंबू पिळत म्हटलं होतं, “असेल बुवा माझंच. सगळं वाईट माझंच असतं.” यावर सगळे हसले. पूजा तेवढी हसली नाही. ती सव्वीस वर्षांची, फिजिओथेरपिस्ट, बोलायला नेमकी. तिने फोन काढला, बोटाने जरा वेळ वरखाली केलं आणि ‘तुम्हीच लिहिलं होतं’ हे वाक्य म्हटलं. मग फोन टेबलावर वाल्मीककडे तोंड करून ठेवला. ठेवताना रश्श्याचा एक थेंब काचेवर पडला, तो तिने अंगठ्याने पुसला.

तीन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. आफिया मोमीन नावाच्या बाईंनी विचारलं होतं: नमस्कार, मी ग्रुपवर नवीन आहे, तीसेक किलोमीटर झाले की सीटचा फार त्रास होतो, बायकांसाठी वेगळी, रुंद सीट नाशिकमध्ये कुठे मिळेल, कुणा ताईंना अनुभव असेल तर सांगा. आणि त्याखाली पहिलंच उत्तर, वाल्मीक बोरस्ते, गोल चौकटीत त्याचाच हसरा फोटो: “ताई, महिलांसाठी राखीव सीट फक्त एसटीत. कंडक्टरला भेटा!” त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग आणि तिच्या टोकाला आकडा, दोनशे चौदा.

“अरे, हे तर साधंच आहे,” हर्षल घाईने म्हणाला. “चांगला जोक आहे उलट. दादांनी वाईट हेतूने नाही लिहिलं.” “मी हेतूचं नाही म्हणत,” पूजा म्हणाली, “सुरू कुणी केलं एवढंच म्हणतेय.” भारत वाल्मीककडे बघत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता, विजय नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि ते आश्चर्य वाल्मीकला सोसेना. त्याचे कान तापले. लहानपणी मास्तरांनी कान पिळल्यावर तापत तसे, आतून, पाळीपासून वर. तो म्हणाला, “हो का? मला वाटलं...” आणि पाव तोंडात घातला, म्हणजे पुढचं बोलायला नको.

घरी येताना सायकलवर त्याला सारखं वाटत राहिलं की मागून कुणीतरी येतंय. दोनदा वळून पाहिलं. रस्ता मोकळा होता, फेब्रुवारीचं कोवळं ऊन, एका गेटापाशी द्राक्षांच्या जाळ्या उतरवणारा टेम्पो. त्याला त्या वाक्याची आठवण नव्हती असं नाही. वाक्य लख्ख आठवत होतं. पण ते कुणाच्या तरी दुसऱ्याच्या आवाजात आठवत होतं, भारतच्या घोगऱ्या आवाजात, आणि त्या दृश्यात वाल्मीक स्वतः बाजूला उभा होता, कपाळाला आठ्या घालून, बाईंच्या बाजूने. भारतने खाली लिहिलेली एक घाण ओळ त्याने ॲडमिन म्हणून काढून टाकली होती, हे खरं होतं. ती त्याला तारखेसह आठवत होती. तीन वर्षं तो ती ओळ काढल्याची गोष्ट सांगत आला होता, ग्रुपमध्ये, घरी, छापखान्यात. आपल्या वाक्याच्या खांद्यावर उभं राहूनच भारतने ती ओळ लिहिली होती, हे त्या गोष्टीत कधी आलंच नव्हतं. माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला निदान खरं माहीत असतं. इथे तर तो कुणाशीच खोटं बोलला नव्हता. जणू परस्परच कुणी त्याच्या डोक्यात शिरून, मुद्रितावर करतात तशी खूण करून, एका नावाच्या जागी दुसरं नाव बसवून गेलं होतं, आणि तपासणारा म्हणून खाली सही त्याचीच होती.

बायकोने, सिंधूने, दार उघडताच विचारलं, “चेहरा असा का? पडलात की काय?” त्याने सांगितलं. सांगताना जरा हलकं करून सांगितलं, तरी सांगितलं. सिंधू मेथी निवडत होती. ती म्हणाली, “मग? तुम्ही घरीही असंच बोलता की.” “असंच म्हणजे?” “म्हणजे असंच. मी काही विचारलं की आधी एक फिरकी, मग उत्तर. कधीकधी उत्तर राहूनच जातं.” ती रागाने बोलत नव्हती. भाजीत माती आहे, दोनदा धुवायला लागेल, हे जशा आवाजात सांगावं तशा आवाजात बोलत होती. “मग तू कधी म्हणाली नाहीस ते.” “म्हणजे त्यावर परत फिरकी,” सिंधू म्हणाली, आणि निवडलेली पानं परातीत टाकून आत गेली.

सोमवारी छापखान्यात त्याच्यासमोर सातवीच्या भूगोलाच्या मार्गदर्शकाची मुद्रितं होती. शाईचा आणि ओल्या कागदाचा वास, मशीनची लय. एरवी या वासात त्याचं डोकं कसं शांत व्हायचं. त्याच्या कामाचं वैशिष्ट्यच हे होतं की ते नीट झालं तर दिसत नाही. पंचवीस वर्षांत लाखो ओळी त्याच्या नजरेखालून गेल्या, पण त्यातली एकही त्याची नव्हती. चूक राहिली तर मालक हाक मारायचे, नाही राहिली तर कुणाला वाल्मीक नावाचा माणूस इथे बसतो हेही कळायचं कारण नव्हतं. आणि मग तो नोव्हेंबरचा दिवस. तो न्हाव्याच्या खुर्चीत बसला होता, गळ्याभोवती पांढरं कापड, आणि कापडाखाली खिशातला फोन थरथरत होता. एकदा, दोनदा, मग थांबेचना. न्हावी म्हणाला, “साहेब, कुणी आजारी आहे का घरी? घ्या फोन.” त्याने कापडाखालून हात काढून पाहिलं. लोक हसत होते. मालेगावचे, निफाडचे, सिडकोतले, कधी न पाहिलेले लोक त्याच्या वाक्यावर हसत होते. कुणी लिहिलं होतं, बोरस्ते सर, तोडलंत! कुणी एसटीच्या खिडकीवरच्या पाटीचा फोटो टाकला होता. न्हाव्याचा वस्तरा मानेवर होता, मान हलवायची नव्हती, आणि तरी त्याला आतून गदगदून हसू येत होतं. ते सुख त्याच्या अंगाला अजून आठवत होतं. मानेवरचा थंड वस्तरा आणि मांडीवरची ती गुदगुली. आता भूगोलाच्या पानावर सह्याद्रीच्या ऐवजी सहाद्री पडलं होतं ते त्याच्या नजरेतून दोनदा निसटलं.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने फोनमध्ये आफिया मोमीन हे नाव शोधलं, आणि त्याला जे सापडणार नाही अशी आशा होती ते सापडलं. तिने त्याला वेगळा निरोप पाठवला होता, फक्त त्याला, प्रश्न टाकल्यानंतर चौथ्या दिवशी. “सर, तुम्ही ॲडमिन आहात म्हणून लिहिते. मी पोस्ट काढायला गेले तर निघत नाहीये. तुमच्याकडून काढाल का? आमच्या शाळेतल्या लोकांपर्यंत गेली आहे.” त्याखाली त्याचं उत्तर, त्याच दिवशी, सात मिनिटांनी: उंचावलेला अंगठा. बस. अंगठ्याखाली काही नाही. त्यानंतर चार दिवसांनी ती ग्रुप सोडून गेली होती, आणि पोस्ट अजून जागच्या जागी होती.

तो विसरला नव्हता. आता विसरलो म्हणायचं मनात आलं, आणि ते त्याने मनातल्या मनात म्हणूनही पाहिलं, पण तो अंगठा दाबतानाची दुपार त्याला आठवली. पोस्ट काढायला दोन ठिकाणी बोट लावावं लागणार होतं. पहिल्या ठिकाणी त्याने लावलंही होतं. मग फोनने विचारलं, नक्की काढायची का, सगळी उत्तरंही जातील. सगळी उत्तरं. त्याने आकडा पाहिला, तेव्हा तो एकशे नव्वदच्या घरात होता. दोनशे होऊ देत, मग काढू, असं त्याला वाटलं होतं. इतकं स्पष्ट, इतकं क्षुल्लक. दोनशे होऊ देत. दोनशे झाले त्या दिवशी त्याने सिंधूला फोन दाखवला होता, आणि मग ते काढण्याचं राहूनच गेलं होतं.

मंगळवारी त्याने बहिणीला फोन लावला. चांगुणाअक्का निफाडजवळच्या गावात, द्राक्षाच्या हंगामात, तिला बोलायला सवड नव्हती, पण त्याला राहवलं नाही. रात्रभर त्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. तो अकरा वर्षांचा, अक्का चौदाची, वडिलांची मोठी सायकल, नळीखालून पाय घालून कैची मारत अक्का उसाच्या कडेकडेने चाललीय, आणि पारावरची पोरं तिला काहीतरी ओरडली. तो मागे चालत होता. तोही त्यांच्याबरोबर हसला, आपल्याला हसू नयेत म्हणून. अक्का उतरली आणि पुन्हा कधी सायकलवर बसली नाही. हे आपल्यात तेव्हापासून आहे, असं त्याला वाटलं, आणि त्या वाटण्यात दुःखाबरोबर थोडं समाधानही होतं, जुन्या दुखण्याचं नाव कळल्यासारखं. अक्काची माफी मागावी, म्हणजे बाकीचं निस्तरायचं बळ येईल.

“आक्का, मी तुझ्यावर हसलो होतो गं,” तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं. पलीकडे मजुरांची बडबड ऐकू येत होती.

“मला कुठं येत होती सायकल?” अक्का म्हणाली. “आजून येत नाय. ती भिकाकाकाची लंकी. तिला येत होती.”

“नाही गं. तू होतीस. निळा परकर...”

“परकर माझाच आसल, तिनं मागून नेला आसल. पन सायकल लंकीची. आन तिनं कुठं सोडली? तू हसला म्हनून तिनं तुला उसात लोळवला हुता. लय मारलं हुतं. रडत आला हुता तू घरी, नाक फुटलेला. आयनं हळद लावली. तुला काय झालंय रे? तब्येत बरी हाय ना?”

“बरी आहे,” वाल्मीक म्हणाला.

“मग ठिव. गाडी भरायचीय.”

फोन ठेवून तो खुर्चीत बसून राहिला. नाकावर हात गेला. मधल्या हाडावर एक बारीक उंचवटा होता, कायमचा. तो कशाचा हे त्याने कधी स्वतःला विचारलं नव्हतं. लंकीने मारलं होतं हे आठवणीतून गेलं, लंकीच गेली, आणि तिच्या जागी एक मुकी, बिचारी अक्का आली, जिच्यासाठी त्याला आता इतक्या वर्षांनी हळहळता येत होतं. त्याच्या आठवणीत बाई मार देत नव्हती. ती उतरून निघून जायची, आणि तो मागे राहून चांगला माणूस व्हायचा. त्याला आपल्या डोक्याची भीती वाटली. खोलीत कुणी अनोळखी माणूस आपले कपडे घालून बसलाय अशी.

आफियाचा पत्ता पूजाने दिला. “त्या आता ग्रुपबिप बघत नाहीत,” ती म्हणाली. “वडाळा रोडला एका शाळेच्या मैदानात रविवारी सकाळी बायकांना सायकल शिकवतात. मी जाते कधीकधी, गुडघ्यांचं सांगायला. काका, तुम्ही जाणार असाल तर जा, पण त्यांना विभागाचं वगैरे काही विचारू नका.” “नाही,” तो म्हणाला. पण त्याने विचारायचं ठरवलेलंच होतं. तिला विभागाची प्रमुख करायचं, सन्मानाने, हे त्याला सुचलं होतं आणि हर्षललाही पटलं होतं. हातात काही न घेता त्या दारात कसं जायचं, हे त्याला कळत नव्हतं.

रविवारी तो सायकलवर निघाला, मुंबई नाक्यापाशी थांबला आणि परत घरी जाऊन सायकल ठेवून रिक्षाने गेला. सायकलवर जाणं त्याला उद्धटपणाचं वाटलं. का, ते सांगता आलं नसतं. शाळेच्या फाटकाला आतून साखळी होती. सळयांमधून मैदान दिसत होतं. पंधरा-वीस बायका, काही बुरख्यात, काही पंजाबी ड्रेसवर ओढण्या कमरेला बांधून, दोघी साडी खोचून. पन्नाशीची एक जाडजूड बाई सायकलवर बसली होती, हेल्मेट घातलेली एक तरुण बाई मागून सीट धरून पळत होती, आणि ती बाई ओरडत होती, “छोड मत, आफिया, छोड मत गं, अल्ला, छोडलीस का?” आफियाने केव्हाच सोडलं होतं. बाई पाच-सात हात एकटीच गेली, हापशापाशी कलंडली, आणि पडल्या पडल्याच हसायला लागली. सगळ्या हसत सुटल्या. वाल्मीकला फाटकाबाहेर उभं राहून ते हसू ऐकू आलं आणि आपण हसावं की नाही हे त्याला कळेना. त्याने चेहरा तसाच ठेवला.

आफिया फाटकापाशी आली. तिशीची, उंच, डोक्यावर स्कार्फ, त्यावर हेल्मेट. साखळी तिने काढली नाही. “इथे क्लास चालू असताना पुरुषांना आत घेत नाही,” ती म्हणाली, स्वच्छ, शाळेत शिकवणाऱ्या माणसाच्या मराठीत. “काही काम होतं?”

“मी वाल्मीक बोरस्ते.”

तिने हेल्मेटची पट्टी सोडली आणि पुन्हा लावली.

त्याने पाठ करून आणलेलं म्हटलं. आपल्या हातून चूक झाली, हेतू वाईट नव्हता तरी परिणाम वाईट झाला, आपण मनापासून माफी मागतो. म्हणताना त्याला ताई म्हणायचं होतं, पण त्या विनोदाचा पहिला शब्दही तोच होता, आणि मॅडम म्हणावं तर परकं वाटत होतं, म्हणून तो तिला काहीच न म्हणता बोलत राहिला. ती ऐकत होती. मध्येच मागे वळून म्हणाली, “जुलेखाखाला, बस करा, पाणी प्या,” आणि पुन्हा ऐकू लागली.

“माझे अब्बा मालेगावला सायकलचं दुकान चालवतात,” तो थांबल्यावर ती म्हणाली. “इसाक सायकलवाले म्हणून सगळे ओळखतात. पॉवरलूमवर जाणाऱ्यांच्या सायकली दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. माझी सायकल त्यांनीच बांधून दिली होती. त्यांना सीटचं सांगायला मला लाज वाटत होती. तुम्ही समजू शकता. म्हणून म्हटलं, ग्रुपवर विचारावं, तिथे कुणी ओळखत नाही.” तिने मैदानाकडे एक नजर टाकली. “मग ते फिरत फिरत मालेगावला गेलं. कुणीतरी दुकानात येऊन अब्बांना फोन दाखवला, माझ्या नावासकट. अब्बांना मराठी वाचता येतं, पण त्यांना कळेना. त्यांनी मला फोन केला. म्हणाले, बेटा, इसमें हँसने का क्या है? सगळे हसतायत, मला समजावून सांग. मग मी सांगितलं. सीट म्हणजे कुठली, त्रास कुठे होतो, एसटीची सीट कुठली, कंडक्टर का. एकेक शब्द. जोक समजावून सांगितला आहे का तुम्ही कधी कुणाला? वडिलांना?”

वाल्मीकने नाही म्हणून मान हलवली.

“सगळं ऐकून ते म्हणाले, अच्छा. आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी एसटीने नाशिकला आले, पिशवीत सीट घेऊन. रुंद. स्वतः बसवून दिली, माझ्याकडे न बघता, आणि चहा न घेता गेले.” तिच्या डोळ्यांत पाणी वगैरे नव्हतं. “मी तुम्हाला लिहिलं होतं, पोस्ट काढा म्हणून. तुम्ही अंगठा दिलात. मला वाटलं, काढताय. तीन दिवस मी वाट पाहिली. का नाही काढलीत?”

हे तिने सहज विचारलं, एखाद्या मुलाला गृहपाठाचं विचारावं तसं. उत्तर त्याच्याजवळ होतं. तीन शब्दांचं होतं. ते त्याच्या घशापर्यंत आलं, आणि तो म्हणाला, “कामाच्या गडबडीत... लक्षातच राहिलं नाही.”

आफियाने त्याच्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. आणि तिला कळलंय हे त्याला कळलं, आणि तरी त्याच्या तोंडून पुढचं वाक्य गेलंच, जणू ते स्वतःच्या पायांनी चालत होतं: “आम्ही बायकांसाठी वेगळा विभाग काढतोय. तुम्ही प्रमुख झालात तर...”

“नाही,” ती म्हणाली.

“मग निदान ती पोस्ट मी आज, आत्ता काढतो.”

“आता काढून काय? आता ती गेली तर तुमचं लिहिलेलं पुसलं जाईल, माझं झालेलं नाही.” तिने साखळी एकदा ओढून पाहिली, घट्ट आहे ना म्हणून. “तुमच्या ग्रुपवर बायका का बोलत नाहीत हे तुम्हाला लिहायचंय ना? पूजा म्हणत होती. मग तुम्हाला माहीत असलेलं लिहा. मी येते. मुली थांबल्यात.” आणि ती गेली, लांब ढांगा टाकत, आणि मैदानात पोचायच्या आधीच तिने टाळी वाजवून कुणाला तरी सायकलवर बसायला सांगितलं.

वाल्मीक चालत निघाला. रिक्षा त्याच्याजवळून हळू होत जात होत्या, तो हात करत नव्हता. इतकी लाज त्याला मिसळीच्या टेबलावरही वाटली नव्हती. तेव्हाचं वाक्य तीन वर्षांपूर्वीचं होतं, त्याला एक दूरपणा होता. हे आत्ताचं होतं, दहा मिनिटांपूर्वीचं, आणि त्यात हसणारं कुणी नव्हतं, आकडा नव्हता, कशाचा मोह नव्हता. तरी खोटंच आलं होतं. घरी पोचेपर्यंत हेही बदलेल, हे त्याला लख्ख दिसलं. घरी पोचेपर्यंत तो सिंधूला सांगेल, मी गेलो, माफी मागितली, बाईंनी ऐकून घेतलं. उद्या छापखान्यात सांगेल, चांगल्या आहेत हो बाई. आणि वर्षभराने फाटकच नसेल, साखळी नसेल. तो द्वारका चौकाच्या अलीकडे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला. स्वागताचा संदेश त्याच्या फोनमध्ये तयार होता, दोनदा तपासलेला, त्यात ‘भगिनींनो’ होतं आणि ‘आपुलकीचा मंच’ होतं. तो त्याने पुसला. आणि घरी पोचायच्या आत, विसरायच्या आत, लिहिलं.

“तीन वर्षांपूर्वी आफिया मोमीन यांनी इथे सीटबद्दल एक साधा प्रश्न विचारला होता. त्यांना कुणीच नीट उत्तर दिलं नाही. मी विनोद केला. बायकांना चिडवायचा ‘राखीव सीट’ हा शब्द या ग्रुपवर मी आणला, भारतने नाही. चौथ्या दिवशी त्यांनी मला पोस्ट काढायला सांगितलं. मी हो म्हटलं आणि काढली नाही, कारण लोक हसत होते आणि मला दोनशे पुरे करायचे होते. आज त्यांनी कारण विचारलं तेव्हा मी गडबडीत राहिलं असं खोटं सांगितलं. बायका इथे का बोलत नाहीत हे लिहायचं काम माझ्याकडे दिलं आहे. मला माहीत असलेलं कारण हे.” त्याने ते वाचलं. दोन ठिकाणी वाक्य बरं करता आलं असतं. केलं नाही. पाठवून दिलं आणि फोन पालथा पायरीवर ठेवला.

पहिला फोन हर्षलचा आला. “दादा, काय लिहिलंय हे? काढा आधी. आठ मार्चच्या तोंडावर? लोक काय म्हणतील ग्रुपला?” वाल्मीक म्हणाला, “तुला काढायचं असेल तर तू काढ, हर्षल. तुझ्याकडे किल्ली आहे. मी नाही काढणार.” हर्षल म्हणाला, “ॲडमिनमधून मात्र तुम्हाला कमी करावं लागेल.” “कर,” वाल्मीक म्हणाला. भारतचा फोन आला नाही. त्याने नुसतं लिहिलं, बरं झालं सांगितलंस, आणि पुढे काही नाही. काही पुरुषांनी लिहिलं की एवढ्या लहान गोष्टीचं केवढं केलंय. एकाने हसरा चेहरा टाकला. आणि मग, पाऊण तासाने, जेव्हा ऊन पायरीवर आलं होतं आणि तो उठायच्या बेतात होता, तेव्हा एका बाईने लिहिलं. त्याला माहीत नसलेलं नाव. मीही तेव्हापासून इथे काही विचारलं नाही. मग दुसरीने, सटाण्याच्या. मग सृष्टी नावाच्या मुलीने, की तिच्या फोटोखाली कुणीतरी वजनाबद्दल लिहिलं होतं आणि ते अजून आहे. त्या त्याच्याशी बोलत नव्हत्या. हळूहळू एकमेकींना उत्तर देऊ लागल्या. कुठली सीट घेतली, कुठून, किती दिवस दुखलं. आफियाच्या प्रश्नाचं उत्तर तिथे तीन वर्षांनी येत होतं, आणि आफिया तिथे नव्हती.

सातवं की आठवं नाव होतं मनीषा आहेर. तिने लिहिलं होतं: “बोरस्ते सर, तुम्ही मलाही बोलला होतात. हरसूलच्या राइडला, घाटात. मी मागे पडले होते. सगळ्यांच्या समोर. मी त्यानंतर सायकल विकली.”

वाल्मीकने डोळे मिटले. हरसूलचा घाट आठवला. वळणं आठवली, वर थंड वारा होता तोही, चहाची टपरी, सगळ्यांनी काढलेला फोटो. मनीषा आहेर कुठेच नव्हती. त्याने नीट शोधलं, एकेका चेहऱ्यावरून, मुद्रितावर बोट ठेवून शोधावं तसं. ती नव्हती, आणि तो काही बोलला आहे असंही कुठे नव्हतं. उलट त्या दिवशी त्याने कुणालातरी आपली पाण्याची बाटली दिली होती, एवढं स्पष्ट आठवत होतं. त्याचा अंगठा अक्षरांवर गेला आणि त्याने लिहिलं: मला आठवत नाही. ते शब्द त्याने बघितले. मग एकेक अक्षर पुसलं. बाजूच्या दुकानाचं शटर वर गेलं, दुकानदार झाडू घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, “काका, जरा उठता का?” वाल्मीक उठला. रस्त्याच्या कडेला, गाड्यांच्या धुळीत उभं राहून त्याने लिहिलं, “तुम्ही म्हणता तर बोललो असेन. काय बोललो होतो, ते सांगाल?” आणि तो तिथेच उभा राहिला. बऱ्याच वेळाने नावाखाली ते तीन ठिपके हलू लागले, थांबले, पुन्हा हलू लागले. मनीषा लिहीत होती. बरंच लिहीत असावी.